बसच्या खिडकीतून काढलेला किनारा

मी जर्मनीत मुलाकडे राहते. तिथं एर्लांगेनच्या लायब्ररीत जुन्या नकाशांचं प्रदर्शन लागलं होतं. सून मला आणि नातीला घेऊन गेली. मी चौथी शिकलेली, मला नकाशातलं काय कळणार? पण बघितलं. तेव्हा नव्यानं सापडलेल्या एका बेटाचे दोन नकाशे शेजारी टांगले होते, एक फ्रेंचांचा, एक इंग्रजांचा. फ्रेंचांच्या नकाशात एका बाजूला खाड्याच खाड्या, दुसरी बाजू कोरी. इंग्रजांचं नेमकं उलट.

“हे असं कसं गं?”

सुनेनं खालची पाटी वाचली. “आई, ज्यांचं जहाज ज्या बाजूनं गेलं त्यांनी तेवढंच काढलं.”

“बरं केलं. थापा तरी मारल्या नाहीत.”

नकाशाखाली एक लांब पट्टी होती. जहाजावरून डोंगर कसे दिसतात ते ओळीनं काढलेलं, म्हणजे पुढच्या खेपेला किनारा ओळखू यावा. ही युक्ती मी उचलली. मला बसनं एकटीनं बाजारात जायचं होतं आणि मुलगा सोडत नव्हता. “तुला इथल्या पाट्या वाचता येत नाहीत, आई.” फार भांडल्यावर म्हणाला, “एकदा जाऊन दाखव. चुकलीस तर पुन्हा हट्ट करायचा नाही.”

मग एकदा सुनेबरोबर जाताना मी उजव्या खिडकीतून दिसेल ते कागदावर काढून घेतलं. आमच्या स्टॉपजवळचं पिवळं घर, चर्च, सायकलींचं दुकान, पूल.

ठरल्या दिवशी एकटी गेले. जाताना सगळं बरोबर आलं. नवलकोल घेतले, परतीच्या बसमध्ये पुन्हा उजव्या खिडकीशी बसले. एकही घर ओळखीचं दिसेना. चुकीची बस धरली की काय? आता मुलगा जिंकणार. मग डोक्यात एकदम उजेड पडला. अगं, ही तर बेटाची कोरी बाजू!

डाव्या खिडकीशी एक आजोबा, त्यांच्या पायाशी म्हशीएवढा कुत्रा. “बिट्टे,” म्हणजे कृपा करा, असं म्हटलं आणि त्यांना उठवलंच. बसते न बसते तोच पूल आला. मग सायकली, मग चर्च. कागद शेवटाकडून वाचत आले. पिवळं घर दिसताच बस थांबवायचं लाल बटण दाबलं.

स्टॉपवर मुलगा आणि नात उभे.

“सापडलं का घर?” मुलगा म्हणाला.

“हरवलं होतं कुठे?”

त्यानं पिशवीत डोकावलं. “पुढच्या वेळी पालकही आण.”

नातीला मराठी समजतं, पण ती बोलते जर्मन. माझा कागद बघून म्हणाली, “उंट दी आंडेरे झाइटे?” म्हणजे, दुसरी बाजू कुठाय?

“ती बाजू पुढच्या खेपेला काढीन,” मी म्हटलं. “एकटीच जाणार आहे ना आता.”