तीन चुका, वीस मिनिटं
ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात मी हौसेनं बुलेटिन बोर्ड चालवायचो. म्हणजे संध्याकाळी पाच ते आठ घरचा एकुलता एक फोन मोडेममार्फत कॉम्प्युटरला जोडायचा. सभासद आपापल्या घरून त्यावर कॉम्प्युटरनंच फोन लावणार, निरोप लिहून ठेवणार, दुसऱ्यांचे वाचणार. लाइन एक, म्हणून एका वेळी माणूस एक. तीन तासांत वीस-वीस मिनिटांचे नऊ जण बसतात, म्हणून सभासद नऊ. दहावा कितीही जवळचा असला तरी नाही. खरं तर मोडेमवाले नऊ जमवतानाच माझा घाम निघाला होता, पण नियम म्हणजे नियम.

पासवर्ड तीनदा चुकला की लाइन आपोआप तुटायची. पासवर्ड बायकोलाही सांगायचा नाही, दुसऱ्यानं वापरलेला आढळला तर नाव कमी. नव्या सभासदानं मात्र आधी घरी येऊन चहा प्यायचा, हा नियम आईचा. फोन आपल्या घरचा, त्यात कोण शिरतंय ते मला कळाय नको व्हय, असं तिचं म्हणणं. मग ती त्याचं गाव, आजोळ, पावणंपै सगळं विचारून घ्यायची. माझ्या तिन्ही नियमांपेक्षा हा पक्का होता, हे मला फार उशिरा कळलं.

सभासदांत सगळ्यांत वडील एक चाचा होते. जन्मभर तार खात्यात काम करून निवृत्त झालेले. मुलानं आखातातून आणलेला छोटा कॉम्प्युटर ते टीव्हीला जोडायचे आणि असे टाइप करायचे की माझ्या पडद्यावर अक्षरं धो धो यायची. कसबा बावड्याच्या एका केमिस्टबरोबर त्यांचा बुद्धिबळाचा डाव चालू होता. बोर्डावर रोज एक चाल.

मध्ये दोन आठवडे चाचा आलेच नाहीत. गावाला गेले असतील म्हटलं. मग एका संध्याकाळी त्यांच्या नावानं कुणी तरी शिरलं. पासवर्ड बरोबर, पण अक्षर येऊन पडायचं आणि पुढचं येईस्तोवर चहा गार व्हावा. हे चाचा नव्हेत, मी लगेच ताडलं. लाइन तोडली, पासवर्ड बदलला. चाचांना कळवलं नाही. ते तणतणत घरी येतील, मग त्यांनाच झापायचं, असा बेत होता. पुढचे तीन दिवस तो माणूस रोज तीनदा चुकायचा आणि बाहेर फेकला जायचा. मी खूश होतो. चोरासाठी केलेलं कुलूप चोरावर चाललेलं बघायला कुणाला आवडत नाही?

रविवारी सकाळी चाची दारात. हातात घामानं ओली झालेली चिठ्ठी.

"माझंच बोट चुकतंय बघा," त्या म्हणाल्या. "ही चाल तेवढी घाला. पासवर्ड मी वापरला, चूक माझी हाय. त्यांचं नाव तेवढं कमी करू नका."

चाचांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवं अंग गेलं होतं, बोलणं जड झालं होतं. पडल्या पडल्या ते दिवसभर एका चालीचा विचार करायचे आणि संध्याकाळी ती चाचींना सांगायचे. उर्दू शाळेत शिकलेल्या चाचींनी पंधरवड्यात इंग्रजी अक्षरं ओळखून घेतली होती. मला माझी लाज वाटली, अगदी तोंड लपवावंसं वाटलं. आई तेवढ्यात चहा टाकून मोकळी झाली होती आणि चाचींना त्यांचं माहेर विचारत होती. "झाला की चहा," ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आता दे पासवर्ड."

अशा चाची दहाव्या सभासद झाल्या. दोघांची मिळून चाळीस मिनिटं, त्यासाठी फोन साडेआठपर्यंत गुंतवायला आईनं स्वतः परवानगी दिली. पासवर्ड कुणाला सांगायचा नाही, हे मी चाचींना दोनदा बजावलं. त्यांनी तो जाता जाता आईला मोठ्यानं सांगितला.

गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. चाचांच्या आजारपणाची हकीकत मी केमिस्टला सांगून टाकली. तो भला माणूस. आठवड्यात त्याचा एक घोडा गेला, मग हत्ती गेला.

एका संध्याकाळी चाची स्वतःच्या नावानं आल्या. मी खुर्ची ओढून पडद्यासमोर बसलो. एक अक्षर, मग दुसरं. केमिस्टला निरोप होता. तो पुरा व्हायला अठरा मिनिटं लागली:

मुद्दाम हरू नका. त्यांना कळतं.

दुसऱ्या दिवशी केमिस्टनं चाचांचा वजीर मारला. त्या रात्री चाचा पोटभर जेवले, असं चाचींनी आईला फोन करून सांगितलं.