भावाच्या छातीचा कागद

हमरोकुल जन्माचा भित्रा. आमच्या देनोव शहरात हे फार थोड्यांना ठाऊक आहे, कारण अकरा वर्षं तो मधल्या फळीत फुटबॉल खेळला, आणि भित्रा माणूस मैदानावर इतकी वर्षं टिकेल असं कुणाला वाटत नाही. आता तो बाजाराच्या तोंडाशी लिंबाची रोपं विकतो. रोप घ्यायला आलेला एखादा म्हातारा अजूनही त्याच्याकडे बघून म्हणतो, की अरे तू चेंडू काय द्यायचास, पायाला लागला न लागला तोच पुढे गेलेला असायचा. हमरोकुल हसतो आणि रोपाच्या मुळाशी ओलं फडकं गुंडाळतो.

खरी गोष्ट अशी, की चेंडू पायाशी राहिला की समोरून कुणीतरी नडगी फोडायला धावून येणार, या भीतीने त्याला तो जवळ ठेववतच नसे. विस्तव हातात आल्यासारखा तो लगेच दुसऱ्याकडे ढकलायचा. ढकलायचा कुणाकडे हे आधीच बघून ठेवावं लागे, म्हणून तो सारखी मान वळवत असायचा. प्रशिक्षक म्हणायचे, याला मैदान दिसतं. लोक म्हणायचे, याच्या मानेला डोळे आहेत. कौतुकाला ना म्हणण्याचीही त्याला भीती वाटे, मग तो गप्प राहायचा. प्रत्येक सामन्याआधी त्याची छाती अशी धडधडे की जर्सी हललेली दिसायची.

या धडधडीला एक जुनं कारण होतं. तो दहा वर्षांचा असताना वडील कापसाच्या शेतात उभ्याउभ्या कोसळले आणि उठलेच नाहीत. वय चाळीसच्या आत. ऊन लागलं, असं सगळे म्हणाले, आणि तेच कायम झालं. पण पोराच्या मनाने घेतलं ते घेतलंच, की आपल्यालाही असंच एक दिवस उभ्याउभ्या जायचं आहे.

त्याच्याहून तीन वर्षांनी धाकटा भाऊ नोरमुरोद. हा बरोबर उलटा. मान रेड्याची, हाताचा पंजा भाकरीएवढा, आणि भीती कशाशी खातात ते माहीत नाही. सुर्खोन नदीच्या पट्ट्यात लग्न असो की सुंता, कुस्तीचा फड लागला की नोरमुरोद पैलवानाचं नाव पुकारलं जायचं, आणि तो बक्षिसाचा एडका खांद्यावर टाकून घरी यायचा. त्यांची आई, ओयसुलुव, लोकांना सांगायची, एक पोरगा माझ्यावर गेला आणि एक जेवणावर.

हमरोकुल एकोणतीस वर्षांचा होता त्या हिवाळ्यात संघातला डावा बचावपटू सुयुन सरावातच दगावला. कुणी धक्का दिला नाही, कुणी जवळही नव्हतं. तो खाली बसला, मग आडवा झाला. हमरोकुल त्याच्यापासून वीस पावलांवर होता, आणि त्याला एवढंच दिसलं, की सुयुनचा एक हात गवत उपटत होता आणि मग उपटायचा थांबला. त्या दिवसापासून हमरोकुलच्या तोंडचं पाणी पळालं ते पळालंच.

क्लबने ठरवलं, की वसंतातल्या नवरोज सणाच्या आधी सगळ्यांनी जिल्ह्याच्या दवाखान्यात छातीचा कागद, म्हणजे हृदयाचा आलेख, काढून आणायचा, त्याशिवाय हंगामाचा करार नाही. हे ऐकून बाकीचे जांभया देत घरी गेले. हमरोकुल मात्र भिंतीला टेकून उभा राहिला. आपल्या छातीत काय निघणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आता यावर त्याने जे केलं ते आमच्याकडेच कुणाला सुचावं. कापूस वेचणीला आमच्याकडे एकाच्या नावावर दुसरा जात आलेला आहे. यादीत नाव थोरल्याचं, पोतं धाकट्याच्या पाठीवर, आणि हजेरी घेणाऱ्याला डोकी मोजायची असतात, तोंडं नाही. नोरमुरोद तर भावाच्या नावावर तीन हंगाम वेचणीला जाऊन आला होता, कारण भावाचे सामने असत. तेव्हा हमरोकुलने त्याला नुसतं म्हटलं, माझ्या नावावर दवाखान्यात जाऊन ये, मला सराव आहे. नोरमुरोदने कारणही विचारलं नाही. वायरी लावणाऱ्या नर्सने तेवढं त्याची छाती बघून विचारलं म्हणे, की फुटबॉल खेळता की फुटबॉल गिळता. रांग दाराबाहेर गेली होती. नोरमुरोद परत येताना रस्त्यात दोन समोसे खाऊन आला.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर लिगायबाईंनी हमरोकुलला बोलावून घेतलं. या कोरियन बाई दवाखान्यात नवीनच आलेल्या, त्यांनी ना हा भाऊ पाहिला होता ना तो. त्यांनी त्याला खुर्चीवर बसवलं आणि कागदावरच्या उंच उंच टोकांवरून पेन्सिल फिरवत सावकाश सांगितलं, की हृदयाची भिंत जाड झाल्यासारखी दिसते आहे, ताश्कंदला जाऊन नीट तपासावं लागेल. तोवर धावायचं नाही, ओझं उचलायचं नाही, दम लागेल असं काहीच करायचं नाही. ऐकलं नाहीत तर खेळता खेळता जाल, असंही त्या म्हणाल्या.

हमरोकुलने मान हलवली आणि बाहेर येऊन पायरीवर बसला. भीती तीच होती, पण आधीसारखी स्वतःसाठी नव्हे. सुयुनचा गवतातला हात त्याच्या डोळ्यांपुढे आला, आणि बघता बघता तो हात भाकरीएवढा झाला. नवरोजच्या दुसऱ्या दिवशी नदीकाठी मोठा फड होता. नोरमुरोद तिथे लढणार होता.

पाच दिवस तो काही बोलला नाही. त्याची बाजू मी सावरणार नाही. बोलला तर लबाडी उघडी पडणार, क्लब हाकलणार, आणि त्याचा स्वतःचा कागद काढायची वेळ येणार. कोणती भीती मोठी हेच त्याला ठरवता येईना. या पाच दिवसांत तो भावाच्या मागेमागे फिरला. नोरमुरोद पाण्याची बादली उचलायला वाकला की हा आधी धावून ती उचलायचा. नोरमुरोद झोपला की हा दाराशी उभा राहून त्याच्या पोटाकडे बघायचा. ओयसुलुव म्हणाली, याला आता लग्नाची गरज आहे, भावाची बायको व्हायला निघालाय.

सहाव्या दिवशी नोरमुरोद हिवाळ्यात पुरून ठेवलेल्या द्राक्षाच्या वेलांवरची माती उकरत होता, तेव्हा हमरोकुलने सगळं सांगून टाकलं. उसनं अवसान आणून, एका दमात. नोरमुरोदने कुदळीवर हनुवटी टेकवून ऐकून घेतलं. आमच्याकडे उका, म्हणजे धाकटा भाऊ, अकाला, म्हणजे थोरल्याला, अरेतुरे करत नाही, आणि नोरमुरोदने जन्मात केलं नव्हतं. त्या दिवशी केलं.

"म्हणजे तुझं दुखणं आता माझ्या गळ्यात?"

"उका, तो कागद तुझ्या छातीचा आहे."

"नाव कुणाचं आहे त्याच्यावर?"

"माझं. पण वायरी तुला लावल्या होत्या."

"तुला खेळायचंय म्हणून तू मला आजारी पाडतोयस," नोरमुरोद म्हणाला. "दवाखान्यात गेलो तुझ्यासाठी, कापसात गेलो तुझ्यासाठी, आता कबरीतही तुझ्या जागी जाऊ का? माझ्यात काय कमी आहे ते फडावर ये आणि बघ."

आणि त्याने कुदळ अशी हाणली की वेलाचं मूळच तुटलं. भाऊ धापा टाकत होता, आणि ती धाप रागाची की दुसरी कशाची हे हमरोकुलला ओळखता येईना.

मग तो एकटाच दवाखान्यात गेला. लिगायबाईंच्या टेबलापुढे उभं राहून त्याने कबूल केलं, की गेल्या खेपेला आलेला मी नव्हतो. बाईंनी त्याला आडवं केलं आणि स्वतःच्या हाताने वायरी लावल्या. त्याची छाती खाटेसकट हलत होती. पंधरा मिनिटं त्याला डोळे मिटून पडायला लावलं आणि पुन्हा कागद काढला.

"तुम्हाला काहीही झालेलं नाही," बाई म्हणाल्या. "घाबरट आहात, एवढंच."

एकोणीस वर्षं ज्याची वाट बघितली ते त्याच्या छातीत नव्हतंच. त्याला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि वडील कशाने गेले ते विचारलं.

"उन्हाने. कापसाच्या शेतात."

"कोणता महिना?"

हमरोकुलने आठवून सांगितलं, नोव्हेंबर. शेवटची वेचणी होती, वडिलांच्या अंगात कापूस भरलेला जाड झगा होता. सांगता सांगताच त्याची नजर नोरमुरोदच्या कागदावर गेली. बाईंनी फक्त एवढं म्हटलं, की असलं दुखणं घराण्यात उतरतं, भावाला आणा, ओढून आणावं लागलं तरी आणा. आणि क्लबला मात्र मला कळवावं लागेल, असंही सांगितलं.

क्लबने दोन दिवसांत त्याचं नाव काढून टाकलं. फसवणूक केली, असं कारण लिहिलं होतं. अकरा वर्षांचा खेळ असा संपला, आणि निरोपाला कुणी आलं नाही. नोरमुरोदला वाटलं, बरी अद्दल घडली. दवाखान्यात यायला तो तयार नव्हता, कारण त्याच्या मते आठ-दहा दिवसांत एकाच नावावर एक कागद वाईट आणि एक चांगला देणारी बाई काय कामाची. आईला सांगायचं तर नवरोजचं सुमलक, मोड आलेल्या गव्हाची खीर, कढईत रटरटत होतं, अंगणभर बाया होत्या, आणि तिच्यासमोर वडिलांचा तो महिना काढायचं हमरोकुलला धाडस झालं नाही.

फडाच्या दिवशी नदीकाठच्या उतारावर माणूस मावत नव्हता. मधल्या मोकळ्या गोलाभोवती म्हातारे मांडी घालून बसले होते, आणि दोरीला बक्षिसाचा एडका बांधला होता. पुकारा करणाऱ्याने नोरमुरोद पैलवानाचं नाव घेतलं. तो कमरेला पट्टा आवळून आला आणि सरळ थोरल्या भावापुढे गुडघ्यावर बसला. दुआ घेतल्याशिवाय आमच्याकडे पैलवान गोलात पाऊल टाकत नाही, आणि बाप नसेल तर ती थोरल्या भावाने तळवे उघडून द्यायची. भावाशी अबोला असला तरी ती मागावीच लागते. नोरमुरोदने त्याच्याकडे न बघता दोन्ही तळवे पुढे धरले.

हमरोकुलने आपले हात बगलेत घातले.

आधी लोकांना वाटलं, याचं लक्ष नाही. मग एक म्हातारा खाकरला. मग उतारावर कुजबुज सुरू झाली आणि हळूहळू तीही थांबली. पुकारा करणारा जवळ येऊन हळूच म्हणाला, की पोरगा हात पसरून बसलाय. हमरोकुलच्या कानात गरम वाफ भरली होती, पाय पळू म्हणत होते. हजारभर माणसं त्याच्या दोन हातांकडे बघत होती. मागून कुणीतरी ओरडलं, की फुटबॉलवाल्याला भावाचा एडका बघवत नाही. लोक हसले.

"अका, लाज काढताय माझी," नोरमुरोद दात आवळून म्हणाला. "हात उघडा."

"नाही उघडणार."

"हे लोक तुमच्यावर थुंकतील."

"थुंकू दे." हमरोकुलचा आवाज कापत होता, आणि तो लपवायची त्याला शुद्ध नव्हती. "उका, आपला बाप कोणत्या महिन्यात गेला? झगा अंगात होता. तूच त्या झग्याच्या बाह्या धरून रडत होतास. नोव्हेंबरात ऊन कुठलं लागतं रे?"

नोरमुरोद तसाच बसून राहिला. पसरलेल्या तळव्यांकडे बघत राहिला. मग त्याने कमरेचा पट्टा सोडला, घडी न घालता खांद्यावर टाकला आणि गर्दीतून वाट काढत निघून गेला. मागून शिट्ट्या आल्या. त्याच्या मागोमाग हमरोकुल निघाला, आणि कुणी खरंच त्याच्या पायाजवळ थुंकलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या खाटेवर नोरमुरोद मावत नव्हता. वायरी लावताना त्याने भावाची बाही पकडली. त्याचा पंजा घामाने ओला होता. आयुष्यात पहिल्यांदाच तो घाबरला होता आणि त्याला ते जमत नव्हतं.

"अका, तुम्हाला रोज असंच व्हायचं?"

"रोज."

"मग काय करायचात?"

हे हमरोकुलला आजवर कुणी विचारलं नव्हतं. "बुटाची नाडी बांधायचो," तो म्हणाला. "एक बांधून झाली की दुसरी."

नर्सने दटावलं, की बोलू नका, रेघ हलते.

ताश्कंदला तेच निघालं, भिंत जाड. नोरमुरोद पुन्हा गोलात उतरला नाही. त्याला गोळ्या लागल्या, बायको आली, तीन मुली झाल्या, आणि सतरा वर्षांत फडावरच्या त्या दिवसाबद्दल त्याने एक चांगला शब्द काढलेला नाही. भावाने चारचौघांत नाक कापलं, हे त्याचं पालुपद कायम आहे. दोघांची दारं एकाच अंगणात आहेत. हमरोकुल रोज पहाटे रोपं गाडीत भरायच्या आधी धाकट्याच्या दारावर थाप मारतो आणि श्वास धरून उभा राहतो. कधी लगेच, कधी जरा उशिराने आतून झोपाळलेली शिवी येते, आणि ती आली की मगच तो श्वास सोडतो.