भिंतीपलीकडून ऐकलेला भाग

ताईला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, दात राहत. शहरातले सहा दंतवैद्य आपल्या रुग्णांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे तिच्याकडे पाठवायचे आणि ती त्यांवरून कवळ्या बनवायची. सव्वीस वर्षं हेच काम. रस्त्यात कुणी ओळखीचं हसलं, की ती आधी त्याच्या तोंडात बघायची. वरचा एखादा दात आपल्या हातचा वाटला, की मग ओळख द्यायची. तिच्या हाताखाली काम करणाऱ्या दोघी बायका यावरून तिची भरपूर चेष्टा करत आणि तीही हसायची.

गेल्या चार महिन्यांत मात्र त्यांनी चेष्टा केली नव्हती. ताईचा धाकटा भाऊ गेला होता.

भाऊ लिफ्टची दुरुस्ती करायचा. लग्न दोघांचंही झालं नव्हतं. तिचं जमलं नाही आणि त्यानं जमवलं नाही. वडिलांच्या मागे दोन खोल्यांच्या घरात दोघं राहत होते आणि मधे प्लायवूडची भिंत होती. पोटात दुखतंय म्हणून तो तपासून घ्यायला गेला काय आणि एकेचाळिसाव्या दिवशी संपला काय. आधी कळलं असतं तर काही उपयोग झाला असता का, असं तिनं डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, विशेष नाही. तिनं मान डोलावली आणि रिक्षा बघायला बाहेर आली.

तेव्हापासून तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. मावशी पंधरा दिवस येऊन राहिली. रडून घे ग, मोकळं वाटेल, असं ती उठता-बसता सांगायची. मावशीचा मान राखायचा म्हणून ताई एकदा मोरीत जाऊन नळ सोडून बसलीसुद्धा. बराच वेळ बसली. काही येईना. मग पाणी वाया जातंय असं वाटून तिनं नळ बंद केला आणि बाहेर येऊन कणीक मळली. कामात चूक नव्हती, हात पूर्वीसारखाच स्थिर होता. जेवण जात होतं, झोप लागत होती. फक्त सगळं जाड कापडातून हात लावल्यासारखं लागायचं. दंतवैद्य भूल देतात तेव्हा ओठ आपलाच असून आपला वाटत नाही, तसं. ती भूल दोन तासांत उतरते, एवढं तिला माहीत होतं.

एके दिवशी मास्तरांचा फोन आला. मास्तर म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर, भावाच्या मंडळातले. ‘परतीची कक्षा’ नावाची अंतराळातल्या लोकांची एक जुनी मालिका होती. ती बंद होऊन वीस वर्षं झाली तरी तिचे आठ-दहा वेडे दर रविवारी अकरा वाजता सार्वजनिक वाचनालयाच्या माडीवर जमत, एखादा भाग बघत आणि त्यावर भांडत. भाऊ त्यांतला एक. मास्तरांनी आधी तिची चौकशी केली, मग अडखळत म्हणाले की मंडळाच्या वह्या भावाकडे आहेत, घाई अजिबात नाही, पण सवडीनं मिळाल्या तर बरं. रविवारी आणून देते, असं ती म्हणाली.

वह्या सहा निघाल्या. प्रत्येक भागाला एक पान आणि त्यावर भावाचं बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर. तिनं त्या पुसल्या, पिशवीत घातल्या आणि रविवारी माडी चढली.

वर लांब टेबल, वीसेक खुर्च्या आणि भिंतीवर पांढरा पडदा होता. त्या दिवशी सातच जण आले होते. मास्तर उंच, किडकिडीत, वरची कवळी थोडी सैल. औषधांच्या दुकानाची मालकीण होती, तिला सगळे केमिस्टबाई म्हणत. आणि एक चाळिशीतला भौतिकशास्त्राचा प्राध्यापक होता, जो मालिकेतलं विज्ञान चुकलं की दुखावला जायचा. सगळे उठून उभे राहिले. ताई म्हणाली, वह्या मोजून घ्या, सहा आहेत. केमिस्टबाईंनी चहा पुढे केला. चहा घेतला म्हणजे बसणं आलं.

त्या दिवशी एकशेचौदावा भाग होता. मास्तरांनी तिला हळूच सांगितलं, हा भाऊंचा आवडता, आठवण म्हणून लावतोय, तुम्हाला जड जाणार असेल तर दुसरा लावू. तिला जड-हलकं काहीच होत नव्हतं. लावा, ती म्हणाली.

गोष्ट अशी होती. दूरच्या एका तळावर स्फोट होऊन यानाच्या मेकॅनिकची बायको मरते. यंत्रातल्या बिघाडामुळे तो मेकॅनिक वेळेत मागे जातो, पण अकराच मिनिटं. तो धावत जाऊन धोक्याची घंटा वाजवतो, तर ती पळताना जिन्यावरून पडून मरते. पुन्हा मागे जातो, तिला बाहेर काढतो, तर बाहेरची हवा तिला मारते. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्यांदा तो घंटेकडे जातच नाही. सरळ खोलीत जातो आणि तिच्यासमोर जेवणाच्या टेबलाशी बसतो. तिला काहीच माहीत नसतं. ती विचारते, “आज घाई नाही? किती वेळ आहे तुझ्याकडे?” तो तिच्याकडे नुसता बघत राहतो. पडदा काळा होतो.

दिवे लागले आणि लगेच वाद सुरू झाला. ताईच्या लक्षात आलं की हा वाद आजचा नाही, गेली सतरा वर्षं तो याच खुर्च्यांवर चालला आहे. मास्तरांचं म्हणणं, त्या गप्प बसण्यातच या भागाचं मोठेपण आहे. खरं सांगता येत नाही आणि खोटं बोलवत नाही, म्हणून मेकॅनिक बोलत नाही. भाऊंचं म्हणणं होतं की मेकॅनिक बोलतो. पहिल्यांदा भाग दाखवला तेव्हा शेवटी त्याचं एक वाक्य होतं, पुढे कुणीतरी ते कापलं. भाऊंकडे त्या पहिल्या प्रक्षेपणाची कॅसेट होती, पण मंडळ सुरू व्हायच्या आधीच यंत्रानं ती खाल्ली. पुरावा काही उरला नाही. प्राध्यापक म्हणाला, त्या जागी आवाजात एक छोटा धक्का जाणवतो खरा, पण तो जुन्या प्रतीचा दोषही असू शकतो. केमिस्टबाई म्हणाल्या, आता ते कधीच कळायचं नाही.

ताई थंड झालेला चहा हातात धरून बसली होती. तिला आश्चर्य वाटत होतं, म्हणजे वाटायला हवं होतं. भावानं घरी यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. कधीकाळी तो तिला बोलवायचा, ये ना ताई, हा भाग बघ. ती म्हणायची, तुझे ते पत्र्याचे डबे तूच बघ, मला त्यातलं काही कळत नाही. मग त्यानं बोलवणं सोडलं. पण संध्याकाळी ती कवळ्यांचं मेणाचं काम घरी आणायची. मेण थंड होईपर्यंत हात आवरून बसावं लागतं आणि भिंत प्लायवूडची होती.

“तो बोलतो,” ताई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

तिनं सांगितलं की हा भाग तिनं आज पहिल्यांदा पाहिला, पण ऐकलाय पन्नासेक वेळा तरी. कॅसेट होती तोवर भाऊ तो सारखा लावायचा. आधी चमचा ताटात पडल्याचा आवाज येतो. मग बाई विचारते, किती वेळ आहे तुझ्याकडे. मग थोडं थांबून तो म्हणतो, “भरपूर आहे. जेवून घेऊ.” मग खुर्ची सरकते आणि संगीत सुरू होतं.

केमिस्टबाई जपून म्हणाल्या, “ताई, राग मानू नका. भाऊंकडून ऐकलेलं तुमच्या डोक्यात बसलं असेल, असं तर नाही ना?”

“तो घरी याबद्दल बोलायचा नाही. आणि त्याची बाजू घेऊन मला आता काय करायचंय. तो गेला.”

हे तिनं हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. मास्तरांनी वह्यांच्या गठ्ठ्यातून चौथी काढली, एकशेचौदाव्या भागाचं पान उघडलं आणि चष्मा वर करून वाचलं. भावानं लिहिलं होतं: मूळ वाक्य – ‘भरपूर आहे. जेवून घे.’

“घे,” मास्तर म्हणाले. “तुम्ही घेऊ म्हणालात.”

“घेऊच. घे नाही.”

“नक्की?”

“मास्तर, मेण थंड होताना मला दुसरं काही काम नसायचं. घेऊ. दोघांनी.”

मास्तरांनी वही खाली ठेवली. प्राध्यापक काहीतरी बोलणार होता, केमिस्टबाईंनी त्याच्या दंडाला हात लावला. बहीण भावाचं ऐकून बोलत असती तर त्याचेच शब्द बोलली असती. तिचे शब्द वेगळे होते, म्हणजे ते तिचे स्वतःचे होते. आणि ‘घे’चं ‘घेऊ’ झालं की सगळ्या भागाचा अर्थच फिरत होता. मेकॅनिक बायकोची समजूत काढून निघून जाणार नव्हता. स्फोट होईल तेव्हा तोही त्याच टेबलाशी बसलेला असणार होता.

“सतरा वर्षं,” मास्तर म्हणाले. “सतरा वर्षं मी त्याला खोटं पाडत होतो. आणि साक्षीदार त्याच्या घरात, भिंतीपलीकडे.” त्यांनी तोंडावर रुमाल धरला आणि खांदे हलायला लागले. सैल कवळीचा बारीक आवाज येत होता. ताई त्यांच्याकडे बघत राहिली. हे रडणं आपल्या वाट्याचं होतं आणि ते मास्तर करतायत, असं तिला वाटलं. त्यात दुःख नव्हतं, नुसती नोंद होती. ती उठली आणि त्यांच्यासाठी पाणी घेऊन आली.

मग मास्तरांनी खिशातून पेन काढलं, भावाच्या अक्षराखाली एक रेघ ओढली आणि दुरुस्ती लिहिली. खाली ताईला सही करायला सांगितलं. तिनं केली.

निघताना प्राध्यापकानं विचारलं, इतकी वर्षं नुसतं ऐकल्यावर आज बघून कसं वाटलं? तिनं विचार केला. “मला वाटायचं मेकॅनिक जाडा असेल,” ती म्हणाली. “आवाजावरून तसा वाटायचा.” सगळे हसले. हसताना तिनं सगळ्यांचे दात बघितले.

मास्तरांनी पुढच्या रविवारी यायचा आग्रह केला. आग्रह मोडायला कारण लागतं आणि तिच्याजवळ ते नव्हतं, म्हणून ती गेली. तिसऱ्या रविवारी तिनं मास्तरांना सांगितलं की कवळी सैल आहे, दंतवैद्याकडून साचा पाठवा. आठवड्यात तिनं नवी बनवून दिली. चौथ्या रविवारी तिला वह्या लिहायचं काम मिळालं, कारण तिचं अक्षर बरं होतं. ती भाग बघायची, जे ठरेल ते लिहायची, घरी येऊन भात टाकायची. भावाच्या खोलीचं दार उघडंच असायचं. त्याच्या गादीवर ती इस्त्रीचे कपडे ठेवायची.

सहाव्या की सातव्या रविवारी एक भाग लागला, त्यात कप्तान मागे जातो आणि लहानपणीच्या स्वतःला भेटतो. त्या मुलाला पाहताक्षणी त्याला कळतं की हा मीच. चर्चेत ताईनं वही लिहिता लिहिता मान वर केली आणि म्हणाली, हे काही पटत नाही. माणसाला स्वतःचं लहानपण समोर आलं तर ओळखू येणार नाही. दुधाचे दात पडले की तोंडाची ठेवणच बदलते. प्राध्यापक म्हणाला, इथे दातांचा काय संबंध, हा स्मृतीचा प्रश्न आहे. ती म्हणाली, स्मृतीचं मला सांगू नका, हजारो जबडे बघितलेत मी. तो म्हणाला, जबडा म्हणजे माणूस नव्हे. ती म्हणाली, मग काय आहे माणूस, सांगा की. वीस मिनिटं दोघं हटेनात. मास्तर खुर्चीत मागे रेलून आळीपाळीनं दोघांकडे बघत होते. शेवटी वाचनालयाचा शिपाई कुलूप घेऊन वर आला आणि सगळ्यांना उठावं लागलं.

ती चालत घरी निघाली. भाजी घ्यायची होती, घेतली. चौकात सिग्नलला थांबली. आणि जिना चढताना, दुसऱ्या मजल्यावर दम खायला उभी राहिली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की ती अजूनही प्राध्यापकावर चिडलेली आहे. कानशिलं गरम झाली होती. पिशवीचा बंद हातात आवळला गेला होता आणि बोट दुखत होतं. ती तशीच क्षणभर उभी राहिली. मग पुढच्या रविवारी त्याला काय काय सुनवायचं, ते मनात जुळवत वर गेली.