दरोगा डॉक्टर आणि तापाची टोळी

डॉक्टरांनी नाडी धरली की आपल्याला अटक झाल्यासारखं वाटे. झाशीभर त्यांना 'दरोगा डॉक्टर', म्हणजे फौजदार डॉक्टर, म्हणत. अर्थात त्यांच्या माघारी. पहिला प्रश्न आजाराचा नसायचाच. "हमारे पास आने से पहले क्या-क्या खाया? सच बोलना." बरुआसागरहून बसनं आलेला एखादा धिप्पाड शेतकरी हात जोडी, "कछू नईं खाओ, डॉक्टर साब." डॉक्टर नुसते त्याच्या खिशाकडे बघत राहत. थोड्या वेळानं खिशातून कॅप्सूलची अर्धी रिकामी पट्टी आपोआप बाहेर येई.

ते झाशीच्या जुन्या मराठी घराण्यातले. आमच्याशी मराठीत बोलत, चिडले की हिंदीत. संशयाला मात्र भाषेचं बंधन नव्हतं. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाताना हात धूत आणि साबणाकडेही वाकड्या नजरेनं बघत. "ही वडी कायम ओली असते. हिच्यावर माझा विश्वास नाही," असं मी त्यांना नर्सबाईंना अगदी गंभीरपणे सांगताना ऐकलंय.

त्यांचा खरा राग आम्हा सदर बाजारच्या मराठी मंडळींवर. आमची घरं मोजकी, त्यामुळे माया भारी. पुण्याहून कुणी आलं की मेतकूट घरोघर पोचे. आणि ताप उतरला की उरलेल्या कॅप्सूलही तशाच पोचत. "तुमच्या नानांना खोकला आहे ना? आमच्या ह्यांना यानंच उतार पडला." डॉक्टर म्हणत, "ही माणसं हळदीकुंकवाला बोलावतात आणि वाण म्हणून अँटिबायोटिक देतात!"

नाना म्हणजे माझे वडील, रेल्वेतून निवृत्त झालेले. न्हाणीघरात पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन छान झालं, पण मग ताप आला आणि जायचं नाव घेईना. इंजेक्शनं बदलली, ताप तोच. शेवटी हाडांच्या डॉक्टरांनी दरोग्यांना बोलावलं.

दरोगा खोलीत शिरले तेव्हा नानांच्या खाटेवर दोन काकू बसलेल्या, आई पाय चेपतेय आणि मी लघवीची पिशवी उचलून बाजूला ठेवतोय. त्यांनी दारातूनच सगळ्यांकडे असं पाहिलं, की मुद्देमालासह पकडलं जाणं म्हणजे काय ते मला कळलं.

"सब लोग बाहर! आणि ही नळी अजून कशाला?"

"रात्री उठायचा त्रास नको म्हणून राहू दिली," नर्सबाई म्हणाल्या.

"कुणाचा त्रास?"

मग ते नानांकडे वळले. "नाना, या आधी काय काय गिळलंत?"

"काही नाही."

डॉक्टरांनी शांतपणे उशी उचलली. खाली तीन रंगांच्या कॅप्सूल. आईनं तोंडाला पदर लावला. "वर्षभर घेतायत हो! लघवीला जळजळलं की दोन, बरं वाटलं की बंद. या तर इथंच कुणीतरी आणून दिलेल्या दिसतायत."

दाराबाहेर दोन्ही काकू एकदम जमिनीकडे बघू लागल्या.

लघवीच्या तपासणीचा अहवाल आला. नेहमीच्या औषधांपैकी एकालाही जंतू दाद देत नव्हते. डॉक्टरांनी आम्हाला व्हरांड्यात उभं केलं. "मी एक गुन्हेगार शोधत होतो, ही तर टोळी निघाली. वाढलेली साखर, नको तितके दिवस ठेवलेली नळी, लांबलेला मुक्काम, आणि त्या अर्ध्यामुर्ध्या गोळ्या. गोळ्यांनी कच्चे जंतू मारले, मुरलेले तेवढे उरले."

"मग आता?" आईनं विचारलं.

"एक औषध उरलंय. मूत्रपिंडाला जड जातं. चालेल का? शंका आहे."

त्यांच्या तोंडून 'शंका' ऐकून मला हसू यायचं. त्या दिवशी नाही आलं.

नळी लगेच निघाली, ते औषध सुरू झालं. खोलीत एका वेळी एकच माणूस, तोही हात धुऊन. काही दिवस नाना ओळखही देत नव्हते. मग एका सकाळी त्यांनी चहाला नावं ठेवली, आणि आई रडली.

आम्ही म्हणालो, अजून आठवडाभर इथेच ठेवू, चांगली देखभाल होते. डॉक्टर उसळले. "आजच न्या! हा दवाखाना आहे, माहेर नाही."

पुढे म्हातारपणी ते लेकीकडे इंदूरला निघाले. स्टेशनवर आम्ही सगळे पोचवायला गेलो. त्यांनी खिडकीतून नानांना नेहमीसारखं न्याहाळलं. "तब्येत?"

"उत्तम," नाना म्हणाले.

मी उलटतपासणीची वाट बघत होतो. पण डॉक्टरांनी खिडकीतून हात काढून नानांच्या हातावर ठेवला. "बरं. ठेवतो विश्वास."

गाडी गेली. नाना काठी टेकत बाहेर आले, ऑटोत बसले आणि मान वळवून मला म्हणाले, "दोन दिवस जळजळतंय रे. ऐकलं असतं तर दरोगा उतरला असता गाडीतून."

"घरी जाऊन गोळी..."

"खबरदार!" नाना गरजले. मग ऑटोवाल्याच्या खांद्यावर काठी टेकवून म्हणाले, "भैया, पहले लॅब. जाँच होगी, फिर देखेंगे."