नाताळच्या दुपारी उघडं हॉटेल

नाताळच्या दुपारी आम्ही नवराबायको वसईला जेवायला गेलो. सुट्टी होती आणि हॉटेल उघडं होतं, एवढाच विचार. लाल टोपी घातलेली एक हसतमुख बाई आम्हाला वाढत होती.

शेजारच्या टेबलावर एक कुटुंब येऊन बसलं. नव्या सुटातला एक माणूस, त्याची म्हातारी आई आणि पांढऱ्या फ्रॉकमधली लहान मुलगी. बाई त्यांच्यापाशी जाऊन म्हणाली, "काय आणू?"

मुलीने तिचा हात धरला. "मम्मी, बस ना आमच्यात!"

माझा घास हातातच राहिला.

"ड्युटी आहे गं. सुट्टी नाही मिळाली," ती हलकेच म्हणाली.

"म्हणून तर आम्हीच आलो," म्हातारी म्हणाली. "तुझ्याशिवाय घरी कसं जेवायचं?"

दिवाळीच्या दिवशी मी परक्यांना वाढत उभी आहे आणि माझी लेक गिऱ्हाईक होऊन समोर बसली आहे, हे मला कल्पनेतही सोसेना. सणाला हॉटेलं उघडी हवीत, असं आपण सहज म्हणतो. उघड्या हॉटेलात कुणाची तरी आई उभी असते, हे डोक्यातच येत नाही.

त्यांचं जेवण आलं. म्हातारीने प्रार्थना सुरू केली. सगळ्यांनी डोळे मिटले. रिकामा ट्रे छातीशी धरून तिनेही उभ्या उभ्याच डोळे मिटले.

"अहो, जरा पाणी आणता का?"

ती दचकून वळली. मीही वळले. हाक माझ्या नवऱ्याने मारली होती.