खोकं उघडतानाचा व्हिडिओ

भिंगरीला घरात कुणी कधी स्वस्थ बसलेलं पाहिलं नव्हतं. जेवतानासुद्धा त्याचा एक गुडघा हलत असायचा. चाळिशी उलटली, केस विरळ झाले, तरी लहानपणी चिकटलेलं हे नाव काही सुटलं नाही. आणि धंदा तरी बघा कसला मिळाला, लग्नांचं व्हिडिओ शूटिंग! दिवसभर उभं राहायचं, गर्दीतून वाट काढायची, कुणाचा चेहरा कधी खुलतोय ते हेरायचं आणि तिकडे धावायचं. शेकडो लग्नांना तो हजर होता आणि त्यातल्या एकाही व्हिडिओत तो नव्हता.

वडील त्याच्या अगदी उलट. त्यांनी एकतीस वर्षं एका खुर्चीत काढली, कारखान्यातल्या तपासणीच्या टेबलापाशी. लोखंडी भाग हातात घ्यायचा, मापाला लावायचा, उजेडाकडे धरायचा. खोट दिसली की "रिजेक्ट!" म्हणायचं आणि डावीकडे टाकायचा. चांगल्या मालाला काही शब्द नव्हता. त्याच्यावरून नुसता अंगठा फिरवायचा आणि उजवीकडे ठेवून द्यायचा. निवृत्त झाल्यावर टेबल कारखान्यातच राहिलं, तो एक शब्द मात्र घरी आला. चहा रिजेक्ट, दाराची कडी रिजेक्ट, शेजारच्यांचा जावई तर बघताक्षणीच रिजेक्ट. आणि भिंगरीने हौसेने आणलेली प्रत्येक वस्तू, मग तो पंखा असो, मिक्सर असो नाहीतर बाबांसाठीचे बूट असोत, सगळं रिजेक्ट. बूट तर पायात घालायच्या आधीच. वरवर तो हसायचा, पण मनात कुठेतरी ते साचत होतं.

जुना टीव्ही बंद पडल्यापासून बाबा खिडकीकडे तोंड करून बसत. ते त्याला बघवेना. तेवढ्यात ऑनलाइन सेल लागला. पंचावन्न इंची सपाट टीव्ही, निम्म्या किमतीत! दोन दिवस तो मोबाइलला चिकटून होता. लोकांनी लिहिलेली बरी-वाईट मतं त्याने बायकोला मोठमोठ्याने वाचून दाखवली.

"अहो, घ्या एकदाचा," ती वैतागून म्हणाली. "मला पाठ झालाय तो टीव्ही."

घेतला. मनात एवढंच होतं, की ह्या खेपेला बाबांच्या तोंडून तो शब्द निघू नये. आयुष्यात एकदा तरी!

रविवारी सकाळी खोकं आलं. खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा, असं कंपनीने आधीच बजावलं होतं. भिंगरीला हसूच आलं. ही ताकीद कुणाला देताय राव? त्याने खांद्यावरचा मोठा कॅमेरा काढला, बाबांना समोर खुर्चीत बसवलं, बायकोच्या हाती कात्री दिली. टीव्ही टेबलावर चढला, लागला. भिंगरीने श्वास रोखून वाट पाहिली. बाबा काही बोलले नाहीत.

सोमवार गेला, मंगळवार गेला. बाबा दिवसभर टीव्हीसमोर, आणि तोंडातून तो शब्द नाही! भिंगरी घरात शीळ घालत फिरू लागला. बुधवारी दुपारी बर्फाच्या डोंगरांचा कार्यक्रम लागला आणि त्याचा पाय जागच्या जागी थबकला. पांढऱ्याशुभ्र बर्फातून, उजव्या बाजूला, वरपासून खालपर्यंत एक काळी रेघ. शिवणाच्या दोऱ्याएवढी. त्याने रुमालाने पुसली. ती काय पुसली जाणार? त्याने झटकन चॅनल बदललं.

"अरे, बघू दे की!" बाबा म्हणाले.

"रटाळ होतं हो ते."

बदलून घ्यायला सातच दिवसांची मुदत होती आणि त्यातले चार गेले होते. बाबांच्या नजरेला पडायच्या आत टीव्ही बदलून आणायचा, बस्स! त्या दिवसापासून त्याच्या जिवाला चैन नाही. पडद्यावर पांढरं काही आलं रे आलं की चॅनल बदल. दवाखाना आला, बदल. नवरीचा पांढरा पोशाख आला, बदल. मध्येच जिन्यात जाऊन कंपनीला फोन. तिकडे पंधरा-पंधरा मिनिटं नुसतं संगीत वाजायचं आणि हा जिना चढायचा, उतरायचा. कोपऱ्यावरच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे जाऊन आला, तर तो म्हणाला, "पडदाच गेलाय. तो बदलण्यापेक्षा दुसरा टीव्ही घ्या." घ्या म्हणे! बोलायला काय जातं ह्याचं?

शेवटी गुरुवारी फोनवर एक गोड आवाजाची बाई भेटली. "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. रेघ पहिल्यापासून होती, हे दाखवणारा व्हिडिओ आहे का?"

"व्हिडिओ?" भिंगरीला आनंदाची उकळीच फुटली. "बाई, अहो, माझा धंदाच तो आहे! आत्ता पाठवतो."

बायकोला शेजारी बसवून त्याने तो लावला. स्वतः अर्थात उभाच. चार मिनिटं झाल्यावर बायको हळूच म्हणाली, "अहो... ह्यात टीव्ही कुठाय?"

खरंच नव्हता. खोक्याला कात्री लागली तेव्हा कॅमेरा बायकोच्या चेहऱ्यावर होता. आवरण निघालं तेव्हा बाबांच्या. टीव्ही लागला तेव्हाही बाबांच्याच. ज्या म्हाताऱ्या फोटोग्राफरच्या हाताखाली तो शिकला, त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की नवरी दारातून आत आली की नवरीकडे बघायचं नाही, तिच्या बापाकडे बघायचं. वीस वर्षं हात तेच करत आलेला. ह्या खेपेलाही त्याने तेच केलं.

"हात तोडून टाकावासा वाटतो!" तो कळवळून म्हणाला. तरीही त्याने तो व्हिडिओ पाठवला. तासाभरात मोबाइलवर उत्तर आलं. लाल अक्षरांत एकच शब्द: रिजेक्टेड. खाली बारीक अक्षरांत कारण, "स्क्रीन दिसत नाही."

पण हार मानेल तो भिंगरी कसला! शनिवारी, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, त्याला एकदम सुचलं. चष्मा! बाबांच्या चष्म्याच्या काचेत टीव्ही दिसत असणार, आणि टीव्हीत रेघ. तो कामाच्या टेबलाशी धावला. व्हिडिओ थांबवला, चष्मा मोठा केला, एकेक चित्र पुढे सरकवत गेला.

काचेत टीव्ही होता, पण नुसती डावी कड, धारेएवढी. रेघेची बाजू बाहेरच राहिली होती. मधोमध कोण होतं? खांद्यावर कॅमेरा घेतलेला, एक डोळा मिटलेला, कमरेत वाकलेला, केस विरळ झालेला एक माणूस. भिंगरी स्वतःच. त्याने मागेपुढे करून पाहिलं. पंचावन्न इंची टीव्ही शेजारी झगमगत होता आणि सबंध दीड मिनिट बाबांची नजर भिंगरीवरून हलली नव्हती. खुर्चीच्या हातावर त्यांचा अंगठा सावकाश फिरत होता. एकदा. पुन्हा एकदा.

भिंगरीचा गुडघा हलायचा थांबला. बराच वेळ तो त्या चित्राकडे बघत राहिला. डोळे भरून आले, ते त्याने बाहीला पुसले.

मग तो बाहेर आला. बाबा टीव्हीसमोर होते. पडद्यावर पुन्हा तेच बर्फाचे डोंगर आणि उजवीकडे ती दळभद्री रेघ. रिमोट त्याच्या हाताशीच होता. त्याने तो उचलला नाही.

"बाबा, ही रेघ तुम्हाला कधी दिसली?"

"रविवारी. टीव्ही लागला तेव्हाच." बाबांनी मान वळवली नाही. "एकतीस वर्षं काय गवत उपटत होतो?"

"मग रिजेक्ट का नाही म्हणालात?"

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"मी वस्तूला म्हणायचो रे," ते म्हणाले, "आणि दर खेपेला तोंड तुझं उतरायचं. फार उशिरा लक्षात आलं माझ्या."

भिंगरी टीव्हीच्या आड तसाच उभा होता.

"आता बस जरा," बाबा म्हणाले. "मगाचपासून मध्ये उभा आहेस. मला डोंगर दिसत नाहीयेत."

तो बाबांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसला. कार्यक्रम संपेपर्यंत उठला नाही.