चौथा नट

आमच्या मालकांना गोटीपान्यांचं वेड होतं. वेड म्हणजे वेडच. दुसऱ्या बायकांचे नवरे तमाशाला पळायचे, आमचे पुण्याच्या जुन्या बाजारात. दुसरी मोठी लढाई संपून काही वर्षं झाली होती, तरी लष्करातला सुटा माल तिथं ढिगानं विकायला यायचा. तिथनं त्यांनी एक हिरवी पेटी आणली. आत ओळीनं लोखंडी गोट्या आणि एक दांडा. गोटी नटावर टोपीसारखी बसवायची, मागं दांडा खोचायचा आणि फिरवायचं. इंदापूरला माहेरी मी मोट तेवढी बघितलेली. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात या माणसानं मला काय शिकवलं, तर नट खोलायला. हौस बघा!

पेटी अमेरिकन आणि आमचा पंप विलायती मापाचा. मेळ बसेना. एक गोटी नटावर जायचीच नाही, तिच्या पुढची सैल व्हायची. मालकांनी तोड काढली. सैल गोटीत घासलेटच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी घालायची आणि आवळायचं. नट आवळला जायचा, पण दर वेळी त्याचे कोपरे थोडे झिजायचे. मी म्हणायचे, "अवो, बारामतीला वांगी घेऊन जाताच, तर बरोबर मापाची एक आणा की." "चालतंय गं," म्हणायचे. त्या 'चालतंय'वर माझा आजही जीव जळतो.

पणदऱ्याजवळ आमची वांगी-टोमॅटोची बाग, कडेला पपईची झाडं. विहीर पाटाच्या अंगाला. पंप विहिरीतच, पाण्याच्या जरा वर, दोन लाकडी वाशांवर बसवलेला. त्या दुपारी तो पाणी धरीना म्हणून मालक खाली उतरले. पंपाखाली बसून बघत होते, तेवढ्यात आतनं कुजलेला एक वासा मोडला. आवाज आला तशी मी बांधावरनं धावले, पायऱ्या उतरले. कमरेएवढ्या पाण्यात बसलेले, पाठ भिंतीला, मांड्यांवर ते लोखंडाचं धूड. "पाय अडकल्यात," म्हणाले. तोंड पांढरंफटक.

शेजारच्या वस्तीवरचे गडी आले. दोर बांधून ओढलं, पण पंप हलेना. त्याला खालनं जोडलेला पाइप गाळात रुतला होता. पाइप सोडवला तरच पंप उचलणार, आणि पाइप चार नटांनी आवळलेला. नट पंप आणि भिंतीच्या मधल्या सांदीत. गड्यांचे पंजे तिथं जाईनात. माझा हात गेला.

त्यात पाटाला पाणी सुटलेलं. पाट चालू असला की आमच्या विहिरीला चहूकडनं पाझर फुटायचे आणि पाणी डोळ्यांदेखत चढायचं. एरवी आम्ही त्याच पाण्याच्या जिवावर मिरवायचो. गड्यांनी बादल्यांनी उपसायला घेतलं, पण बादल्यांनी काय होतंय? मोट असती तर बरं झालं असतं. ती पंपाचं इंजिन आल्यावर आम्हीच मोडून टाकली होती.

पट्टी घालून, दात-ओठ खाऊन मी तीन नट काढले. बोटांची सालटी निघाली. "सरळ धर, तिरकी धरू नगं," मालक सांगत होते. चौथ्याला गोटी लावली, फिरवली, तर नुसतीच घसरली. कोपरे इतके झिजलेले, की सैल गोटीला धरच मिळेना. दुहेरी पट्टी घातली, फडकं घातलं. तो ढिम्म. छिन्नी मारायला जागा नव्हती. तेव्हा माझे दीर सायकल घेऊन कोऱ्हाळ्याला सुटले. तिथल्या एका तात्यांकडं असलाच पंप होता आणि बरोबर मापाची गोटीही होती.

वरनं कुणीतरी म्हणालं, बाईमाणसाचा हात यंत्राला लागला की असंच व्हायचं. "ये की मग खाली, तुझा घाल हात!" मी ओरडले.

पाणी मालकांच्या हनुवटीला आलं तशी एकानं पपईचा लांब, पोकळ देठ आणून दिला, त्यातनं श्वास घ्यायला. तो तोंडात धरायच्या आधी ते मला म्हणाले, "घाई करू नगं. गोटी नीट बसली की मगच जोर लाव." मरणाच्या दारात बसून हा माणूस मला गोटी लावायला शिकवत होता! मला रडू आलं आणि संतापही आला.

दीर आले ते पायऱ्यांवरनं घसरतच. तोवर मालकांच्या डोक्यावरनं पाणी गेलं होतं. देठाचं टोक तेवढं वर दिसत होतं आणि त्यातनं श्वासाचा आवाज येत होता. पाण्याखालनं त्यांनी माझा दंड धरला होता. मी नवी गोटी चाचपून नटावर बसवली. घट्ट बसली. जोर लावला आणि नट फिरला. काही त्रास न देता, कालच बसवल्यासारखा फिरला. मी फिरवत राहिले. मधेच दंडावरचा हात सुटला. ते मला कळलं, पण थांबून कसं चालणार होतं?

नट हातात आला. पाइप सुटला, गड्यांनी पंप ओढून उचलला, मालकांना पायरीवर घेतलं. पालथं घातलं, पाठ दाबली. तोंडातनं नुसतं पाणी आलं.

"अवो, निघाला की नट," मी म्हणाले. "उठा आता."

ऐकेनात. खांदे धरून गदागदा हलवलं. "निघाला म्हणते न्हवं! उठा!"

शेवटी दिरांनी माझ्या मुठीतनं पाना सोडवून घेतला.